जडची पेटी आणि लेविटची भिंत

'स्वतः हात लावला नाही, दुसऱ्यांकडून करून घेतलं. म्हणजे दोघंही कन्सेप्च्युअल (वस्तूपेक्षा कल्पनेला कलाकृती मानणारे).' डॉनल्ड जड आणि सोल लेविट या अमेरिकन कलावंतांबद्दलचं हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. दोघांचा जन्म 1928चा, दोघांनाही चौकोनी आकारांचं वेड. दिसण्यातला फरक सोपा आहे. जडच्या पेट्या धातूच्या, प्लेक्सिग्लासच्या (काचेसारख्या प्लास्टिकच्या), कधी भडक रंगाच्या. लेविटचे घन बहुधा पांढरे, नुसत्या कडांचे सांगाडे. यावर जास्त शाई खर्चायला नको.

काम कोणी केलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: तोच आराखडा घेऊन दुसऱ्या कोणी ते नव्याने केलं, तर ती तीच कलाकृती ठरेल का?

लेविटच्या बाबतीत, हो. 1968 साली न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्याने पहिलं भिंतचित्र काढलं, तेही स्वतःच. नंतर त्यावर रंग मारला गेला. चित्र पुसलं, कलाकृती राहिली. कारण ती सूचनांमध्ये आणि सोबतच्या प्रमाणपत्रात आहे. (प्रमाणपत्राशिवाय घरच्या भिंतीवर तेच काढलंत, तर तो फक्त तुमचा सराव.) लेविट 2007 साली गेला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या मास मोका संग्रहालयात त्याची 105 भिंतचित्रं इतरांनी काढली. त्यांना कोणी नकला म्हणत नाही.

जडच्या बाबतीत, साफ नाही. इटालियन संग्राहक ज्युझेप्पे पान्झा याने त्याचे आराखडे विकत घेतले आणि त्यावरून काही कामं जडच्या देखरेखीविना बनवून घेतली. जडने ती आपली मानायला नकार दिला. हा हट्टीपणा नव्हता. पत्र्याची जाडी, सांधा, पृष्ठभागाची चमक हेच त्याचं काम. टेक्ससमधल्या मार्फा गावी त्याच्या ॲल्युमिनियमच्या 100 पेट्या आहेत. बाहेरचं माप सगळ्यांचं एकच, आतली रचना प्रत्येकीची निराळी. खिडक्यांतून येणारं ऊन सरकतं तशा त्या बदलत जातात. हे कुठल्या आराखड्यात लिहिणार? (जड हे आडनाव मराठीत भलतंच शोभतं: सगळा भरवसा जड द्रव्यावर. 'मिनिमलिस्ट', म्हणजे कमीत कमी घटकांत काम करणारा, हे लेबल मात्र त्याला आवडत नसे.)

'कल्पनाच महत्त्वाची, मग बघायचं कशाला?' हे लेविटबद्दलचं वाक्य तर त्याहून चीड आणणारं. प्रत्येक माणूस रेघ वेगळी ओढतो, असं लेविटनेच 1971 साली लिहून ठेवलं आहे. त्याच्या 797 क्रमांकाच्या भिंतचित्रात पहिला माणूस वरच्या बाजूला एक वेडीवाकडी आडवी रेघ काढतो. दुसरा तिच्या खाली वेगळ्या रंगाने तिची नक्कल करतो, मग तिसरा, मग चौथा, अशी भिंत भरेपर्यंत. प्रत्येकाचा हात थोडा चुकतो आणि त्या चुकांच्या लाटा खाली उतरत जातात. योजनेत त्या धरलेल्याच आहेत. जडच्या पेटीचा सांधा इतका चुकला असता, तर पेटी कारखान्यात परत गेली असती.