रोमन लोकांची ती "उलटीची खोली" नव्हतीच हो!

लहान मुलांसाठीच्या रोमवरच्या विनोदी गोष्टींमध्ये एक सीन हमखास येतो, जाडजूड सिनेटर पोट फुटेपर्यंत जेवतो मग शेजारच्या व्हॉमिटोरियम नावाच्या खोलीत जाऊन ओकतो आणि परत येऊन ताटावर बसतो. मुलं खिदळतात, आणि खरं सांगायचं तर मी पण खिदळलोय. पण अशी खोली रोमन घरात नव्हतीच.

व्हॉमिटोरियम म्हणजे प्रेक्षागृहातल्या बाकांखालून निघणारा बाहेर जायचा रस्ता. लॅटिनमध्ये व्होमेरे म्हणजे ओकणे, तर आपण कसं ज्वालामुखी आग ओकतो म्हणतो ना, अगदी तसंच हे रस्ते माणसं ओकायचे. ५व्या शतकातल्या मॅक्रोबियस या रोमन लेखकाने हा शब्द याच अर्थाने वापरलाय. इ.स. ८० मध्ये सुरू झालेल्या कोलोसियमला, म्हणजे रोममधल्या त्या प्रचंड प्रेक्षागृहाला, खाली ८० कमानी होत्या, त्यातल्या ७६ वर नंबर कोरलेले, म्हणजे तिकिटावरचा नंबर बघायचा नि आत शिरायचं, त्यामुळे हजारोंची गर्दी भराभर आत-बाहेर व्हायची. काही नंबर अजून दिसतात बरं का.

आता रोमन लोकं मेजवानीत ओकायची नाहीत का? काही ओकायची. रोमन तत्त्वज्ञ सेनेका तर चिडून लिहितो की हे ओकतात खाण्यासाठी आणि खातात ओकण्यासाठी, आणि सम्राट क्लॉडियसच्या घशात पीस घालून त्याला ओकायला लावायचे असं सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस सांगतो. पण त्यासाठी वेगळी खोली? छे, क्लॉडियस तर तेव्हा उताणा झोपलेला असायचा.