राणीची बाग व तिची संस्थापक उद्यानसंस्था

मुंबईच्या भायखळा भागातील सार्वजनिक उद्यान. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पूर्वीचे व्हिक्टोरिया गार्डन्स. आज येथे येणाऱ्यांचा ओढा प्राणिसंग्रहालयाकडे असला, तरी ही मूळची वनस्पतिबाग आहे. ती उभारली ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या सभासदांच्या संस्थेने. नगरपालिकेकडे ती नंतर आली.

संस्थेची स्थापना सामान्यतः १८३० च्या सुमारास मानतात. शिवडी येथे वनस्पतिबागेसाठी तिला सरकारकडून जमीन मिळाली ती १८३५ मध्ये. या दोन सालांची सरमिसळ होऊन बागेचा आरंभही कधीकधी १८३० ला नेला जातो. तो ग्राह्य धरता येत नाही. जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव संस्थेचे पहिले भारतीय सभासद म्हणून घेतले जाते. भायखळ्याची जागा त्यांनीच दिली, असेही सांगतात. जुन्या वर्णनांत मात्र ही जागा माझगावच्या ‘माउंट इस्टेट’चा भाग म्हणून येते.

शिवडीहून बाग का हलली, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. यूरोपीय दफनभूमीसाठी जमीन घेतली गेली म्हणून संस्थेला उठावे लागले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण ती जमीन घेण्याचे श्रेय आर्थर क्रॉफर्ड यांना दिले जाते, आणि ते म्युनिसिपल कमिशनर झाले १८६५ मध्ये. भायखळ्याच्या सुमारे ३३ एकरांवर आखणीचे काम तर १८६१ मध्येच सुरू झाले होते. म्हणजे नवी बाग आधी, दफनभूमी नंतर. स्थलांतराचा विचार पूर्वीच ठरला असावा व दफनभूमीमुळे शिवडीचा संबंध कायमचा तुटला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

नव्या बागेचे उद्‌घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. त्याच वर्षी आवारातील वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली, ते १८७२ मध्ये खुले झाले (सध्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय). डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी हे या खटपटीतले प्रमुख. घारापुरीच्या दगडी हत्तीचे तुकडेही येथेच आणून ठेवले होते. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना साखळी तुटली व हत्ती फुटला. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून तो उभा केला गेला. तो आजही संग्रहालयाच्या आवारात आहे.

वृक्षसंग्रहात आफ्रिकेची गोरखचिंच व ब्रह्मदेशातील उर्वशी विशेष उल्लेखनीय. उर्वशीचे लांब देठांचे लालसर घोस फांदीखाली उलटे लोंबतात आणि वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. घोस पानांआड असल्याने झाडाखाली उभे राहून वर पाहिल्याखेरीज ते नीट दिसत नाहीत.

१८७३ च्या सुमारास संस्थेचे मुंबईतील काम बंद पडले व बाग नगरपालिकेकडे गेली. प्राणिसंग्रहालयासाठी आणखी १५ एकरांची भर पडली ती १८९० मध्ये. संस्थेचे नाव पुण्यात टिकून आहे: तेथील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था याच नावाच्या संस्थेकडे असून दरवर्षी तेथे पुष्पप्रदर्शन भरते.