रुग्णालय ‘बांधून झालं’ आणि रुग्णालय ‘सुरू झालं’

नव्या विभागीय रुग्णालयाबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात: झालं का? अभियंत्याला विचारलं तर तो म्हणतो, झालं. तिथे नुकत्याच रुजू झालेल्या परिचारिकेला विचारलं तर ती म्हणते, अजून नाही. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोन वेगळ्या कामांबद्दल. अभियंत्याच्या लेखी स्लॅब पडले, फरशी बसली, लिफ्ट चालू आहे, पूर्णत्वाचा दाखला मिळाला आणि कंत्राटदाराने ताबा दिला. परिचारिकेच्या लेखी, रात्री तीन वाजता रक्तस्राव होत असलेली बाळंतीण दारात आली तर तिला रक्त, भूल, शस्त्रक्रिया आणि नंतर निजायला खाट हे सगळं तिथेच मिळेल, तेव्हा रुग्णालय सुरू झालं म्हणायचं. या दुसऱ्या कामाला कागदावर ‘कार्यान्वयन’ म्हणतात. साइटवर सगळे कमिशनिंगच म्हणतात.

गल्लत होते ती क्रमाची. आधी बांधायचं, मग सुरू करायचं, असं साहजिकच वाटतं. प्रत्यक्षात कमिशनिंगचं काम पाया खणण्याच्याही आधी हाती घ्यावं लागतं, कारण आत नेमकं काय चालणार हे ठरल्याशिवाय काय बांधायचं हे ठरत नाही. अतिदक्षता विभागातली खोली आणि साधी खोली नकाशावर सारख्याच चौकोनाच्या दिसतात. त्यांच्यातला फरक छताच्या वर, हवेच्या डक्टमध्ये असतो.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये हाच फरक फार महागात पडला. तिथलं मुलांचं नवं रुग्णालय फेब्रुवारी २०१९ मध्ये ताब्यात आलं. जुलैमध्ये जुन्या इमारतीतून रुग्ण हलवायचे होते. अगदी काही दिवस उरले असताना तपासणीत दिसलं की अतिदक्षता विभागात हवा तासाला दहा वेळा बदलायला हवी होती, पण यंत्रणा चारच वेळा बदलेल अशी बसवली आहे. सरकारने स्थलांतर थांबवलं. चुकीचं मूळ साइटवर नव्हतंच. कित्येक वर्षं आधी तयार झालेल्या एका तक्त्यात तो आकडा चुकीचा पडला होता आणि पुढे काम त्या तक्त्याप्रमाणेच होत गेलं. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. तोवर बांधून तयार असलेल्या त्या इमारतीचे पैसे मात्र दर महिन्याला भरावेच लागत होते. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते, की इमारत आणि तक्ता एकमेकांशी जुळत होते. न जुळणारा होता तो आत निजणारा आजारी मुलगा, आणि त्याच्या बाजूने तपासणी सगळ्यांत शेवटी झाली.

सिडनीतल्या एका रुग्णालयात तर ही तपासणी नीट झालीच नाही. २०१५ मध्ये तिथे एका शस्त्रक्रियागृहात नवजात बाळांसाठी वायूची लाइन टाकली गेली. ऑक्सिजनची पाटी असलेल्या त्या आउटलेटमधून प्रत्यक्षात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो वायू येत होता. हे कळायला २०१६ उजाडलं; तोवर एक बाळ दगावलं होतं आणि दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. बांधकामाच्या दृष्टीने पाइप जागेवर होता, जोड पक्के होते, गळती नव्हती. कमिशनिंगची परीक्षा निराळी असते: प्रत्येक आउटलेटवर वायू-विश्लेषक लावून बाहेर काय येतंय ते मोजायचं, सही करायची, आणि ती सही रुग्णाला वायू देणाऱ्या माणसाची असली पाहिजे. ‘लाइन टाकली’ आणि ‘ऑक्सिजन येतो’ ही वाक्यं एकाच रकान्यात लिहूच नयेत.

खाटांच्या आकड्यातही हीच सरमिसळ असते. फलकावर ‘३०० खाटा’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा ती ३०० खाटा मावतील एवढी जागा असते. चालती खाट म्हणजे जिच्याशी दिवसरात्र माणूस आहे ती. हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. आठ तासांच्या पाळीने आठवड्यात २१ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्याला पाच पाळ्या करते. म्हणजे एक जागा अखंड भरलेली ठेवायला ४.२ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाचाच्या वर. दहा खाटांच्या अतिदक्षता विभागात दोन खाटांमागे एक परिचारिका धरली तर एका वेळी पाच हव्यात, म्हणजे एकूण पंचवीस ते सव्वीस. एवढ्या अनुभवी परिचारिका जाहिरात दिल्यावर महिन्याभरात मिळत नाहीत. त्यांना घडवायला वर्षं लागतात आणि इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. म्हणून भूमिपूजनाच्या सुमारासच भरती आणि प्रशिक्षण सुरू झालेलं नसेल, तर कुलूपबंद वॉर्ड तेव्हाच ठरून गेलेले असतात.

‘इमारत तर तयार आहे, माणसं मिळाली की उघडू’ असं म्हटलं जातं, त्यात एक मोठा गैरसमज आहे. बंद इमारत जशीच्या तशी राहत नाही. वापर नसलेल्या नळांत पाणी साचतं, आणि साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतो. आधीच अशक्त झालेल्या रुग्णाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे रुग्ण एकही नसताना प्रत्येक नळ ठरावीक दिवसांनी वाहता ठेवावा लागतो, पाण्याचे नमुने तपासावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मुलांच्या नव्या रुग्णालयात पिण्याच्या पाण्यात प्रमाणाबाहेर शिसं सापडलं आणि ते निस्तरण्यात उद्घाटन लांबत जाऊन २०१८ उजाडलं. यंत्रांचंही तसंच. वॉरंटी बहुधा यंत्र पोचल्याच्या किंवा बसवल्याच्या तारखेपासून मोजली जाते, पहिला रुग्ण तपासल्यापासून नाही. दोन वर्षं खोक्यात पडलेल्या व्हेंटिलेटरची बॅटरी उतरते, आणि तो पहिल्यांदा बिघडतो तेव्हा फुकट दुरुस्तीची मुदत संपलेली असते. बांधकामातले दोष कंत्राटदाराने विनामूल्य दुरुस्त करून देण्याचा काळही ताब्यापासून सुरू होतो. वॉर्ड वापरात नसेल तर दोष दिसणारच कुठून?

पैशांचे कप्पेही दोन. बांधकामाचा पैसा एकदाच येतो, त्याचं भूमिपूजन होतं, फोटो निघतात. पगार, वीज, औषधं, देखभाल यांचा पैसा दरवर्षी लागतो आणि तो काही वर्षांतच बांधकामाच्या खर्चाएवढा होतो. पहिला मंजूर झाला म्हणजे दुसरा मंजूर झाला, असं नाही.

आता आजूबाजूच्या सोयी. कर्मचारी निवास, नातेवाइकांची राहण्याची जागा, रस्ता, बस, शाळा, पाळणाघर या गोष्टी विटा-सिमेंटच्या असतात, म्हणून त्यांना सहज ‘बांधकाम, टप्पा दोन’ या खात्यात टाकलं जातं. निधी आटला की पहिली कात्री तिथेच लागते. माझ्या मते हे खातंच चुकलेलं आहे. त्या दिसायला बांधकाम असल्या तरी कामाने कमिशनिंगचा भाग आहेत. भूलतज्ज्ञाला रात्री वीस मिनिटांत पोचायचं असेल तर त्याचं घर जवळ हवं, आणि त्याच्या मुलांना शाळा नसेल तर ते घर वर्षभरात रिकामं होईल. अशा वेळी रिकामं शस्त्रक्रियागृह शाळेअभावी बंद आहे, ही गोष्ट कुठल्याही अहवालात दिसत नाही; तिथे फक्त ‘पद रिक्त’ एवढंच लिहिलेलं असतं.

रवांडातल्या बुतारोचं उदाहरण यासाठी मला जवळचं वाटतं. डोंगराळ भागातलं ते जिल्हा रुग्णालय २०११ मध्ये सुरू झालं. खोदाई आणि दगडकाम तिथल्याच लोकांनी केलं, भिंतींना तिथलाच ज्वालामुखी दगड वापरला, आणि क्षयाचा संसर्ग पसरू नये म्हणून हवा खेळती राहील अशी रचना केली. पाठोपाठ डॉक्टरांसाठी घरं झाली, कर्करोग केंद्र आलं, पुढे जवळच वैद्यकीय शिक्षणाचं विद्यापीठही उभं राहिलं. आडबाजूच्या टेकडीवर माणसं टिकली, त्यात त्या घरांचा आणि शिक्षणाचा वाटा नक्कीच आहे.

विभागीय रुग्णालय म्हटलं की लांबून येणारा रुग्ण आलाच, आणि त्याच्याबरोबर नातेवाईकही. त्यांना निजायला, अंघोळीला जागा नसेल तर ते व्हरांड्यात आणि जिन्याखाली राहतात. मग गर्दी, संसर्ग, भांडणं हे सगळं ‘शिस्तीचा प्रश्न’ म्हणून सुरक्षारक्षकाच्या गळ्यात पडतं. दूर राहणाऱ्या गरोदर बायकांसाठी रुग्णालयाजवळ प्रतीक्षागृह असावं, शेवटचे आठवडे त्यांनी तिथे काढावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. चार साध्या खोल्या, स्वयंपाकाची सोय, हाकेच्या अंतरावर सुईण. एखाद्या यंत्रापेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि तरीही बहुतेक आराखड्यांत ते शेवटच्या पानावर असतं.

मग ‘झालं का?’ याऐवजी विचारायचं तरी काय? ताब्याची तारीख विचारली तर बांधकामाचं उत्तर मिळेल. त्याऐवजी पहिलं सिझेरियन रात्री कोणत्या तारखेपासून होऊ शकेल, हे विचारावं. रंगीत तालीम झाली का, हेही विचारावं. म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याला रुग्ण म्हणून स्ट्रेचरवर झोपवायचं आणि फाटकापासून तातडीच्या विभागात, तिथून एक्स-रे, तिथून शस्त्रक्रियागृहापर्यंत खरंच न्यायचं. या तालमीत कळतं की लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं पण सोबत ऑक्सिजन सिलिंडर आणि दोन माणसं मावत नाहीत. रक्तपेढीतला फोन वॉर्डातून लागत नाही. दार उलट्या बाजूला उघडतं. मुख्य वीज मुद्दाम बंद करून जनरेटरवर सगळं किती वेळ चालतं तेही पाहायचं, आणि इंधन वर चढवणारा पंप कुठे आहे तेही. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पंप तळघरात पाण्याखाली गेले आणि माणसांनी साखळी करून डिझेल जिन्याने वर पोचवलं.

ही तालीम दिवसा एकदा आणि रात्री एकदा करावी. रात्रीच्या तालमीत आणखी एक गोष्ट कळते. दुपारची पाळी आठला संपते आणि गावाकडे जाणारी शेवटची बस साडेसातला सुटलेली असते.