मूळगाठींमधील प्रथिन संश्लेषण

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये वनस्पतीच्या पेशी आणि त्यांत वसलेले रायझोबियम गटातील जिवाणू मिळून करतात ती प्रथिननिर्मिती. हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर याच प्रथिनांमुळे होते. गाठीतील पेशीत दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालतात: पेशीद्रवात वनस्पतीचे ८०एस रायबोसोम (प्रथिने जोडणारे कण; ‘एस’ हे त्यांच्या आकारमानाचे माप), तर जिवाणूंमध्ये त्यांचे स्वतःचे ७०एस. सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन पहिल्यांना रोखते, क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दुसऱ्यांना. त्यामुळे कोणते प्रथिन कोणी बनवले हे तपासता येते. (वनस्पतीच्या तंतुकणिकांनाही, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या घटकांनाही, क्लोरॅम्फेनिकॉलची झळ लागते, म्हणून निष्कर्ष जपून काढावा लागतो.)

नत्र स्थिर करणारे नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) सर्वस्वी जिवाणूचे. त्याचा लोहप्रथिन हा घटक निफएच जनुकावरून, तर मॉलिब्डेनम-लोह प्रथिन निफडी आणि निफके या जनुकांवरून तयार होते. नत्राच्या एका रेणूसाठी किमान १६ एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्ची पडतात. अडचण अशी की एवढी ऊर्जा मिळवायला जिवाणूला ऑक्सिजन हवा आणि तोच ऑक्सिजन नायट्रोजनेजला निकामी करतो.

हा पेच सोडवण्यात मोठा वाटा लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. सोयाबीनची जोमदार गाठ नखाने चिरली तर आतला गर गुलाबी-तांबूस दिसतो, तो याच प्रथिनामुळे. ते ऑक्सिजन घट्ट धरते, मुक्त ऑक्सिजन अत्यल्प ठेवते आणि तरीही जिवाणूच्या श्वसनाला पुरवठा चालू ठेवते. हे हीमयुक्त (हीम म्हणजे लोह असलेला रंगीत घटक) प्रथिन असल्याचे जपानचे हिदेओ कुबो यांनी १९३९ मध्ये दाखवले. ते झाडाचे की जिवाणूचे, हा प्रश्न पुढे तीसेक वर्षे रेंगाळला. अखेर १९६९ मध्ये संशोधक डिलवर्थ यांनी एकच जिवाणू दोन वेगळ्या द्विदल वनस्पतींवर वाढवला. लेगहिमोग्लोबिनचा प्रकार यजमान वनस्पतीप्रमाणे बदलला, म्हणजे ते झाडाचे. १९७४ मध्ये वर्मा आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या गाठीतील संदेशवाहक आरएनए वेगळा करून त्यापासून हे प्रथिन परीक्षानळीत तयार केले आणि वाद जवळपास मिटला. हीम जिवाणू पुरवतो, ही समजूत मात्र आणखी बराच काळ टिकली.

गाठीतच आढळणाऱ्या वनस्पतीच्या अशा प्रथिनांना ‘नोड्युलिन’ म्हणतात. सोयाबीनमधील नोड्युलिन-३५ हा युरिकेज या विकराचा उपघटक असून स्थिर झालेला नत्र युराइड या नत्रयुक्त संयुगांच्या रूपात झाडाकडे पाठवण्याच्या कामात तो लागतो. मेडिकॅगो या लसूणघासाच्या जातकुळीतील वनस्पतीत तर एनसीआर नावाची शेकडो लहान पेप्टाइड (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) बनतात. ती जिवाणूत शिरून त्याचे विभाजन थांबवतात आणि त्याला कायमचे नत्र-कामाला जुंपतात. याला सहजीवन म्हणताना जरा अडखळायला होते. सोयाबीनमध्ये ही पेप्टाइड नाहीत.

शेंगा भरू लागल्या की गाठी म्हाताऱ्या होतात, हीमचे विघटन होते आणि गर हिरवट पडतो. म्हणूनच पीक फुलोऱ्यात असताना गाठी फोडून रंग पाहतात. आत पांढरट असेल तर जिवाणू त्या पिकाला मानवलेला नाही किंवा जमिनीत नत्रखत जास्त झाले आहे, अशी शंका घेतली जाते.