कुंडीत कुजणारे मूळ बाटलीत जगते कसे?

मनीप्लांटच्या कुंडीत गरज नसताना रोज पाणी ओतत राहिले, की पाने पिवळी पडू लागतात आणि माती उकरून पाहिल्यास मुळे काळी, बुळबुळीत झालेली आढळतात. त्याच वेलाची फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवली, तर ती मात्र वर्षानुवर्षे टवटवीत राहते. अति पाण्याने झाड मरत असेल, तर नुसत्या पाण्यात ते जगते कसे?

मुळे पाण्याने मरत नाहीत, ती गुदमरतात. श्वसनासाठी त्यांनाही ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय पाण्यातून पसरताना त्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. कुंडीतल्या मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या, की हवेची वाट बंद होते आणि उरलासुरला ऑक्सिजन मातीतले असंख्य सूक्ष्मजीव संपवून टाकतात. बाटलीत माती नसल्याने हे वाटेकरी फारच थोडे असतात.

दुसरे कारण अधिक रंजक आहे. बाटलीतील मुळे पाण्यातच जन्मलेली असतात. फांदी पेराच्या खाली कापायची ती यासाठी, की शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरक कापलेल्या टोकाशी साचते आणि पेराजवळ नवी, आगंतुक मुळे फुटतात. पाण्यात वाढणाऱ्या मुळाभोवती एथिलीन हा वायूही साचतो, कारण त्यालाही पाण्यातून चटकन निसटता येत नाही. अढीतले आंबे पिकवणारा वायू तो हाच. अनेक वनस्पतींमध्ये त्याच्या प्रभावाने मुळाच्या सालीतील काही पेशी मरून जागा मोकळी करतात आणि वरच्या भागातली हवा खाली पोहोचवणाऱ्या पोकळ नळ्या तयार होतात. भाताच्या मुळांत अशा नळ्या उपजतच असतात. कुंडीतल्या मातीत वाढलेल्या मुळांत त्या सहसा पुरेशा नसतात, म्हणूनच कुंडीतले वाढलेले झाड उपटून थेट पाण्यात ठेवले, तर त्याची जुनी मुळे बहुधा कुजतात. उलट पाण्यातल्या मुळांवर मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे केसासारखे बारीक तंतू, कमी असल्याने ते झाड मातीत लावल्यावर काही दिवस मलूल दिसते.

आता अन्नाचे काय? इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली आणि १६९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाच्या पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात रोपे अधिक वाढली आणि बागेची माती मिसळलेल्या पाण्यात त्याहूनही अधिक. पाण्यात विरघळलेले क्षार हे त्याचे खरे कारण. १८६०च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी ठरावीक क्षारांच्या द्रावणात, मातीविना, झाडे वाढवून ते दाखवून दिले. घरातल्या आरओ यंत्राचे पाणी आपल्याला कितीही शुद्ध वाटले, तरी झाडाच्या दृष्टीने ते जवळपास उपासाचे पाणी आहे. नळाचे पाणी बरे, आणि महिन्यातून एकदा विद्राव्य खत पाकिटावरील प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने द्यावे. युरिया मात्र टाळावा, कारण त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू मातीत मुबलक असतात, बाटलीत नाहीत. खत आणि उजेड एकत्र आले की शेवाळ धरते, त्यामुळे काच दिसायला सुंदर असली तरी गडद रंगाची बाटली किंवा चिनीमातीचे भांडे अधिक सोयीचे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असे घरातले स्वच्छ, स्थिर पाणी फार आवडते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलावे. पण मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर, आणि ती कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांडे आतून ब्रशने घासावे आणि बाटलीच्या तोंडाशी फांदीभोवती कापूस नीट बसवावा, त्यातून हवा जाते, डास जात नाही.