स्क्रीन अडवणारं पिल्लू आणि आपला मेंदू

सुपर स्मॅश ब्रदर्स या निन्टेंडोच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये असिस्ट ट्रॉफी म्हणून एक वस्तू मधेच येऊन पडते, ती उचलली की आपला गडी ती डोक्यावर धरतो आणि आतून कुणीतरी आपल्या मदतीला बाहेर पडतं. कोण येणार हे आधी कळत नाही. कधी हातोडे फेकणारा येतो, आणि कधी येतं चक्क कुत्र्याचं एक पिल्लू. ते चावत नाही, कुणाला ढकलतसुद्धा नाही. नुसतं स्क्रीनच्या अगदी जवळ येतं, आतल्या बाजूने काचेवर पंजे टेकल्यासारखं उभं राहतं आणि आपल्याकडे टकामका बघत बसतं. त्याच्या मागे मारामारी चालूच असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

हे पिल्लू मूळचं निन्टेंडॉग्स या 2005 च्या गेममधलं, जिथे कुत्रा पाळायचा, त्याला खाऊपिऊ घालायचं, फिरवायचं, एवढंच काम. स्मॅशचे कर्तेधर्ते मासाहिरो साकुराई यांनी 2008 साली वी कन्सोलवर आलेल्या ब्रॉल या स्मॅशच्याच भागात असिस्ट ट्रॉफी आणल्या तेव्हा त्यांत हेही आलं. डॅमेज शून्य, तरी माझ्या मते सगळ्या मदतनीसांत डोक्याचा भुगा करणारा हाच, आणि त्याचं कारण गेमपेक्षा आपल्या मेंदूत जास्त आहे.

मुळात आपण समोरचं सगळं थोडं उशिराच बघत असतो. काहीतरी दिसलं आणि बटण दाबलं, एवढ्यात साधारण 200 ते 250 मिलिसेकंद जातात. स्मॅश सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो, म्हणजे तेवढ्यात 12 ते 15 फ्रेम गेल्या, आणि अनेक वार त्याच्या आतच लागून मोकळे होतात. म्हणून चांगला खेळाडू दिसण्याची वाट बघतच नाही, समोरचा आता कुठे जाणार याचा अंदाज बांधून आधीच हात चालवतो. पिल्लू नेमकं या अंदाजाच्या मुळावर येतं, कारण अंदाज तपासायला जी नजर लागते तीच अडवली जाते.

पण झाकलं गेलं म्हणून मेंदू लगेच हात टेकत नाही हं. गल्लीत क्रिकेट खेळताना बॉल उभ्या टेम्पोखाली गेला की पोरं टेम्पोखाली वाकून बघत नाहीत, थेट पलीकडच्या बाजूला धावतात, तेच. जॉन असाद आणि जॉन माउन्सेल या दोघांनी 1995 मध्ये माकडांच्या मेंदूतला पराइटल कॉर्टेक्स हा भाग तपासला, तेव्हा तिथल्या काही पेशी, हलणारी वस्तू दिसेनाशी झाली पण ती आडून पुढे जातेय असं माकडाला वाटण्यासारखी स्थिती असली, तरी कामाला लागलेल्या दिसल्या. म्हणजे डोळ्यासमोर हालचाल नाही आणि मेंदूत मात्र ती चालूच आहे.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो, 1999 चा, ब्रायन शोल आणि झेनॉन पिलिशिन यांचा. स्क्रीनवर एकसारखे ठिपके फिरतायत, त्यातल्या ठरलेल्या काहींवर लक्ष ठेवायचं. ठिपके एखाद्या आडोशाच्या कडेमागे हळूहळू सरकत गेले आणि तसेच बाहेर आले तर लोकांना ते नीट जमतं, पण तेच ठिपके जागच्या जागी आक्रसून गायब झाले तर गोंधळ उडतो, जरी दिसेनासा होण्याचा वेळ तेवढाच असला तरी! मेंदूला कड लागते. पिल्लाच्या बाबतीत ती कड आहे, कान, गाल, पंजे. तेव्हा त्या भल्यामोठ्या नाकाकडे बघण्यापेक्षा कानाच्या बाजूने कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं तिकडे लक्ष ठेवलेलं बरं. शिवाय कान उघडे ठेवायचे (आपले), आवाजाला आपण चित्रापेक्षा थोडं लवकरच रिॲक्ट होतो.

हा अंदाज तुटतो कुठे, तर माणूस आडोशामागेच दिशा बदलतो तिथे. पिल्लामागे गेलेल्याने मधेच उडी मारली, पलटी घेतली की आपल्या डोक्यातला तो भलतीकडेच धावतोय. त्यात एकावेळी साधारण चारच गोष्टींवर नीट नजर राहते आपली, आणि वी यू या पुढच्या कन्सोलवरच्या स्मॅशमध्ये तर आठ जणांची मॅच होते, तिथे पिल्लू आलं की देवाचं नाव घ्यायचं.

गोंडसपणाचाही भाग आहेच. हिरोशिमा विद्यापीठात हिरोशी नित्तोनो यांच्या टीमने 2012 मध्ये दाखवलं की पिल्लांचे फोटो बघितल्यावर लोक बारीक, निगुतीचं काम जास्त सांभाळून करतात, लक्ष एका जागी आवळलं जातं. कागदावर हा फायदाच, पण तिथे फोटो आधी दाखवून मग काम दिलं होतं. इथे पिल्लू कामाच्याच मधे उभं, आणि आवळलेलं लक्ष जर त्याच्या तोंडावरच आवळलं गेलं तर संपलंच.

आता बोलावणाऱ्याचा फायदा काय? स्क्रीन तर सगळ्यांची एकच, त्यालाही दिसत नाहीच. फार तर पिल्लू येताना तो थोडा सावध असतो, बास. आणि समोर माणसांऐवजी कंप्युटर खेळत असेल तर आणखी मजा, कारण कंप्युटर स्क्रीन बघतच नाही. कोण कुठे आहे, किती वेगाने जातोय हे आकडे त्याला गेमच्या आतूनच मिळतात, पिल्लू असो नसो. म्हणजे एकट्याने लेव्हल 9 च्या, म्हणजे सगळ्यात कठीण, कंप्युटरशी खेळताना मोठ्या आशेने ट्रॉफी फोडली आणि आतून हे निघालं, तर अख्ख्या मॅचमध्ये आंधळे झालेले फक्त तुम्ही.