तिथी तीच, सूर्योदय वेगळा

लक्ष्मीपूजन नक्की कधी, हा वाद आता व्हॉट्सॲपवर होतो. २०२४ साली तर सरळ दोन तट पडले: ३१ ऑक्टोबरवाले आणि १ नोव्हेंबरवाले. दोघांच्या हातात पंचांगाचं ॲप होतंच. मग 'ॲप चुकीचं आहे' असा निकाल लागतो. गणित बहुधा बरोबर असतं. ते कुठल्या गावासाठी केलंय, हे कुणी पाहत नाही.

चंद्र सूर्याच्या किती अंश पुढे गेला, यावर तिथी ठरते. दर १२ अंशांना एक, म्हणजे ३६० अंशांत तीस तिथी. खरी मजा पुढे आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार. पृथ्वीजवळ आला की तो दिवसाला १५ अंशांहून जास्त धावतो, लांब गेला की १२ अंशही पुरे करत नाही. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, तो यातून वजा करायचा. म्हणून कधी वीस तासांत तिथी आटोपते, तर कधी जवळजवळ सत्तावीस तास रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी चालू, ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर क्षय, दोन्ही सूर्योदयांना सापडली तर वृद्धी.

तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच, सूर्योदय मात्र गावोगावचा. समजा, नोव्हेंबरच्या मध्यात चतुर्थी सकाळी ६:३५ला संपतेय. नागपुरात सूर्य ६:२५च्या सुमारास उगवतो, तिथे चतुर्थी. मुंबईत ६:४५च्या आसपास, म्हणजे पंचमी लागलेली! लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ बघतात. १ नोव्हेंबर २०२४ला मुंबईत सूर्यास्तानंतर जेमतेम काही मिनिटं अमावास्या उरली होती. वादाचं मूळ तेच. न्यूयॉर्कमध्ये ती त्या दिवशी सकाळीच संपली, त्यामुळे तिथे ३१ तारखेबद्दल प्रश्नच नव्हता.

हीच ॲप्स राहुकाळाची सूचनाही पाठवतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करून वारानुसार एक 'वाईट' ठरवायचा, एवढाच तो हिशेब. राहू, म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला छेदते तो बिंदू, आकाशात कुठे आहे याची त्यात चौकशीसुद्धा नाही. ती सूचना खुशाल बंद करा.

सेटिंगमधल्या अयनांशाने, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंश सरकवून धरायचा त्या आकड्याने, मात्र गोंधळू नका. सूर्य आणि चंद्र दोघांच्याही भोगांशातून (राशिचक्रातल्या अंशांतल्या स्थानातून) तेच चोवीसेक अंश वजा होतात, त्यामुळे अंतर कायम राहतं आणि तिथी हलत नाही. नक्षत्र हलतं, कारण ते एकट्या चंद्राच्या भोगांशावरून काढतात.

एकाच गावासाठी दोन ॲप्सच्या तिथीत तासांचा फरक पडला, तर एक दृक्‌गणिताचं (आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारं) आणि दुसरं जुन्या सारण्यांवरचं असण्याची शक्यता मोठी. जुना नियम 'बाणवृद्धी रसक्षय': बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा; साठ घटिकांची (घटिका म्हणजे २४ मिनिटं) तिथी फार तर पाच घटिका वाढेल, सहा घटेल. म्हणजे साडेएकवीस ते सव्वीस तास. प्रत्यक्ष चंद्र ही मर्यादा दोन्ही टोकांना ओलांडतो.